इनास सरांचा हळू सूर

इनास सर माणसांचे वर्णन पेन्सिलींच्या प्रतींनी करीत. ज्यांचा चित्रकलेशी संबंध शाळेबरोबर संपला, त्यांच्यासाठी सांगतो: पेन्सिलीवर एच असेल तर शिसे कठीण आणि रेघ फिकट, बी असेल तर शिसे मऊ आणि रेघ काळी, भरदार. अक्षराआधीचा आकडा वाढला की तो गुण वाढतो. आमचे मुख्याध्यापक टू-एच होते. रेघ स्वच्छ, पण जोर दिला की कागद फाटतो. मराठीच्या सावंत बाई फोर-बी. कुठेही टेकवा, ठसा उमटतोच. मी विज्ञान शिकवीत असे. माझी प्रत कोणती, असे एकदा विचारले, तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "तुम्ही एचबी, सर. सगळ्या परीक्षांना चालता."

भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत आम्ही बरीच वर्षे बरोबर होतो. ते चित्रकला शिकवीत. राहायला उत्तनच्या पलीकडे, पालीला. तिथून स्कूटरवरून येत, आणि स्कूटरच्या पुढच्या फळीवर, दोन्ही पायांच्या मध्ये, क्लॅरिनेटची काळी पेटी उभी असे. रेल्वे फाटकाच्या त्या बाजूचे अर्धे भाईंदर ती पेटी ओळखत असावे. शाळेत शिरल्यावर ते आधी पेटी कपाटात ठेवीत, मग हेल्मेट काढीत. हा क्रम कधी बदललेला मला आठवत नाही.

पेन्सिलीला टोक करायला त्यांना ब्लेडच लागे. शार्पनर त्यांच्या वर्गात चालत नसे. पाचवीच्या नव्या मुलांना ते पहिल्या तासाला फूल, डोंगर, घर असले काही काढू देत नसत. एक लांब पट्टी आखायची आणि ती डावीकडून उजवीकडे भरत जायची. सुरुवात गडद काळी, शेवट जवळजवळ पांढरा, आणि मध्ये कुठेही जोड दिसता कामा नये. मुलांचा काळा भाग झटकन होई. उजवे टोक मात्र कुणालाच साधत नसे. एक तर रेघ अचानक संपे, नाही तर काळीच राही. "दाब वाढवायला कोणीही वाढवतो," ते बाकांमधून फिरत सांगत. "कमी करा. कमी करून रेघ जिवंत ठेवा." एकदा एका धीट मुलीने सांगितले की सर, आता तर काहीच दिसत नाहीये. त्यावर त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "तुला दिसत नाहीये. कागदाला विचार."

शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत ते अर्धा तास वाजवीत. मी प्रयोगशाळेत उपकरणे आवरीत असे आणि मधली भिंत पातळ होती. क्लॅरिनेट म्हणजे लग्नाच्या वरातीत चिरकणारे काळे वाद्य, एवढीच तोपर्यंत माझी समजूत होती. ते वाद्य इतक्या खालच्या, उबदार आवाजात बोलू शकते, हे मला त्या भिंतीने शिकवले. सूर कधी सुरू झाला ते कळत नसे. आहे, एवढेच कळे. सावंत बाई एरवी शाळेची घंटा होताच गोडदेवच्या रिक्षेत बसणाऱ्या. पण अनेकदा वह्या तपासायच्या राहिल्या असे सांगून त्या माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसत. त्यांच्या हातात वही असे, लाल पेन मात्र बंदच असे.

हा एक इनास झाला. दुसरा इनास पालीच्या बँडमधला.

त्यांच्या वडिलांनी त्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवले. वडील गेल्यावर ती जागा इनास सरांकडे आली. लग्ने, बारशी, चर्चचे सण, मिरवणुका: किनाऱ्यावरच्या गावांत बँडवाचून काहीच हलत नाही. बँडचा म्होरक्या त्यांचा चुलतभाऊ बस्त्याव. तो ट्रम्पेट वाजवी. मी एकदा गावच्या सणाला गेलो होतो, तेव्हा हा बँड रस्त्यावर पाहिला. पुढे ट्रम्पेट, मागे मोठा ढोल, बाजूला हातगाडीवर जनरेटर, त्यावर की-बोर्ड आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. अरुंद गल्लीत तो आवाज भिंतींवर आपटून पुन्हा वादकांच्याच अंगावर येत होता. ढोल बाजूने गेला की पोटात हलत होते. इनास सर दुसऱ्या रांगेत होते. मानेच्या शिरा ताणलेल्या, खालचा ओठ दातांवर घट्ट आवळलेला. जे ऐकू येत होते ते क्लॅरिनेट नव्हते. पत्र्यावर खिळा ओढावा तशी एक बारीक, तीव्र रेघ होती.

इथे थोडे विज्ञान सांगावे लागेल, कारण पुढची सगळी हकिगत त्यावर उभी आहे. बासरी जोराने फुंकली की तिचा सूर वर चढतो. क्लॅरिनेटचे उलट असते. जोर वाढवला की सूर किंचित खाली उतरतो. गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून वादक जोर करतो, सूर उतरतो, शेजारचे ट्रम्पेट आणि की-बोर्ड आपल्या जागी ठाम असतात, आणि हा एकटा बेसूर ठरतो. मग तो ओठ आवळून सूर वर ढकलतो. माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, बांधलेली वेताची पातळ पट्टी, जिला रीड म्हणतात, ती तो कठीण प्रतीची घेतो, म्हणजे जोराने फुंकले तरी ती दबत नाही. या प्रत्येक उपायाने आवाज थोडा बारीक होतो, थोडा टोकदार होतो.

इनास सरांनी याही पुढचा उपाय केला होता. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे होतात. माउथपीसच्या खाली एक छोटा, फुगीर तुकडा असतो. त्याला बॅरल म्हणतात. नळी आखूड झाली की सूर चढतो. म्हणून त्यांनी पालीतल्या एका होडी बांधणाऱ्या सुताराकडून तो बॅरल थोडा कापून घेतला होता. सुताराने काम सुबक केले होते, कडेला पॉलिशही मारले होते. बँडमध्ये सूर जुळला. बस्त्यावने सुताराला नारळ दिला म्हणे. ही गोष्ट इनास सरांनी मला कौतुकाने सांगितली होती आणि मीही ती कौतुकानेच ऐकली होती.

सावंत बाई निवृत्त होणार ठरले, तेव्हा निरोप समारंभात भाषणे नकोत, असे त्यांनी स्वतःच मुख्याध्यापकांना सांगितले. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. गळा गोड होता आणि लहानपणी आईकडून ऐकलेल्या ओव्या त्यांना भरपूर पाठ होत्या. त्यांतल्या काही त्या म्हणणार होत्या. साथीला हार्मोनियम नको, तबला नको. भिंतीपलीकडून ऐकलेले ते क्लॅरिनेट तेवढे हवे होते. इनास सरांनी लगेच होकार दिला. त्या दिवशी ते कपाटापाशी बराच वेळ उगाच उभे होते.

पहिला सराव प्रयोगशाळेत झाला. बाईंनी ओवी धरली, इनास सरांनी हळूच सूर लावला, आणि दोघेही थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात आणि मी तळमजल्यावर. लिफ्ट कुठाय?"

दोष बॅरलचा होता. जोरासाठी आखूड केलेली नळी हळू वाजवताना चढी बोलत होती. एकट्याने वाजवताना हे कुणाच्या लक्षात येत नव्हते, कारण जुळवायला समोर दुसरे कोणी नव्हते. इनास सरांनी मुंबईहून नवीन बॅरल आणला. दुसऱ्या सरावाला सूर जागेवर आला. बाईंनी एक ओवी पुरी केली आणि फोर-बी माणसाला साजेल असे सरळ सांगितले, "सूर आलाय. पण घासतोय. भिंतीपलीकडून मी ऐकायचे तो हा नव्हे. वर्ष-दोन वर्षांत काहीतरी झालंय."

इनास सरांनी पुन्हा वाजवून पाहिले. मान कलती करून ऐकले. "मला नाही ऐकू येत घासल्यासारखं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच ऐकू येत नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गात एक प्रसंग घडला. एक मुलगा धावत त्यांच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, शाई सांडली." इनास सर ताडकन उठले. "आई? आईला काय झालं?" वर्ग हसून लोळला. तेही हसले, फडके शोधून दिले. पण स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगताना ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. 'शाई'मधला श आणि 'सांडली'मधला स, दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. हे ध्वनी उंच कंपनांचे असतात, हे मी नववीला दरवर्षी शिकवीत असे. मला काही बोलावे लागले नाही.

मीरा रोडला कानाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे मी बरोबर गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी शांतपणे समजावले. मोठ्या आवाजाने कानातला जो भाग झिजतो, तो आधी उंच आवाजांचा असतो. झिजलेले परत येत नाही. उरलेले राखायचे असेल तर त्या आवाजापासून दूर राहायचे. अगदीच जावे लागले तर कानांत बोळे घालायचे. फोमच्या पिवळ्या बोळ्यांचे एक पाकीटही त्यांनी दिले.

परतताना आम्ही काशीगावच्या बाजूला चहाला थांबलो. हायवेवरून ट्रक जात होते आणि इनास सर कप तसाच ठेवून बसले होते. मग त्यांनी मला जे सांगितले, ते मी पुढे कितीतरी वेळा मुलांना उदाहरण म्हणून सांगितले आहे, त्यांचे नाव न घेता. आपल्याला आपला आवाज मंद, बोथट वाटू लागला होता, असे ते म्हणाले. म्हणून रीड आणखी कठीण घेतली. ओठ आणखी आवळले. तरी आवाज बोथटच वाटायचा, म्हणून आणखी. "कागद फाटत होता, सर," ते म्हणाले, "आणि मी म्हणत होतो, रेघ फिकीच येतेय."

आता पेच उघड होता. बँड चालू ठेवला तर उरलेसुरले हळू वाजवणेही जाणार. सोडला तर बस्त्यावशी गाठ होती, कारण मे महिन्यात बस्त्यावच्या मुलीचे लग्न होते.

बस्त्याव एका रविवारी त्यांच्या ओटीवर आला, तेव्हा मी तिथे होतो. दणकट माणूस, मासे घेऊन आला होता आणि पिशवी अजून हातातच होती. इनास सरांनी त्याला डॉक्टरांचे सगळे सांगितले. बस्त्यावने ऐकून घेतले. कान त्यालाही होतेच, आणि तेही त्याच रस्त्यावर गेले होते; मध्येमध्ये त्याला 'काय?' म्हणून विचारावे लागत होते. मग त्याने आपले म्हणणे मांडले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका विहिरीवर जाऊन वाजतगाजत पाणी आणतात; त्याला तिकडे उंबराचे पाणी म्हणतात. त्या पाण्यापुढे बँड पुरा लागतो. डीजेवाला आणला तर गाणी होतील, पण ते पाणी होणार नाही.

"दुसऱ्या रांगेन जागा रिकामी दिसली तर लोक काय म्हनतील?" बस्त्याव म्हणाला. "पोरीचं लगीन अर्ध्या बँडान लावलं म्हनतील. तुजे बापाशीची जागा हाय ती, इनास. दुसरा कोन हाय तिथं उभा रव्हाला?"

"कोन न्हाय," इनास सर म्हणाले.

"मंग?"

बस्त्यावने पिशवी ओटीवर ठेवली. उतरताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुमी शिकलेले मानूस. याला सांगा, कान दोन हायत, भाऊ एकच हाय." मी सांगितले नाही. माझा तो विषय नव्हता.

दरम्यान बाईंचा सराव चालू राहिला. इनास सरांनी मऊ रीड घेतली आणि पंचेचाळिशीनंतर पुन्हा पहिलीत बसले. स्वतःच्या कानावर विसंबणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी बाईंचे कान उसने घेतले. आवाज घासला की बाई टेबलावर लाल पेन टेकवीत. पेन टेकले की ते थांबत, खालचा ओठ किती दाबला होता ते बोटाने चाचपून पाहत आणि दाब कमी करून पुन्हा सुरू करीत. सुरुवातीला ओवीच्या एका चरणात चार वेळा पेन टेके. बाई थट्टा करीत, की निवृत्तीआधी एवढ्या चुका मी दहावीच्या पेपरातसुद्धा काढल्या नाहीत. इनास सर म्हणत, दहावीच्या मुलांना तुम्ही गुण तरी देता.

हळूहळू पेन कमी टेकू लागले. ऐकू न येणारी गोष्ट ते ओठाने ओळखायला शिकत होते. डोळे मिटून रेघ काढायला शिकण्यासारखेच ते होते, आणि मला वाटते, त्यांच्याइतके हे दुसऱ्या कोणाला जमले नसते. त्या महिन्यात बँडच्या दोन सुपाऱ्यांना ते गेले नाहीत. बस्त्यावचे फोन येत. ते उचलीत, ऐकत, 'बघतो' म्हणत आणि ठेवून देत.

समारंभाच्या दिवशी त्यांनी शिपायाला सांगून सभागृहातले पंखे बंद करायला लावले. एप्रिलचे दिवस, पालक वहीने वारा घेऊ लागले. बाई बसल्या, डोळे मिटले आणि जात्यावर बसल्यासारख्या संथपणे त्यांनी ओवी सुरू केली. क्लॅरिनेट केव्हा आले ते मला सांगता येणार नाही. काही वेळाने लक्षात आले की बाईंच्या आवाजाखाली काहीतरी अंथरलेले आहे. प्रत्येक ओवीगणिक ते कमी होत गेले. शेवटच्या ओवीला ते इतके कमी होते की वहीने वारा घेणारेही आपोआप थांबले. बाईंचा आवाज संपला, त्यानंतरही तो सूर क्षणभर राहिला आणि मग नव्हता.

टाळ्या ओसरल्यावर इनास सर माझ्या शेजारी येऊन बसले. क्लॅरिनेट मांडीवर आडवे होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "शेवटच्या ओवीत मला माझा आवाज ऐकू येत नव्हता, सर. येत होता का?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो.

"मग झालं," ते म्हणाले आणि रुमालाने एकेक तुकडा पुसून पेटीत ठेवू लागले.

मे महिन्यात बस्त्यावच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण मलाही आले. आदल्या संध्याकाळी मी पालीला पोहोचलो, तेव्हा मिरवणूक विहिरीकडे निघालेली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या भिंतीला टेकवून वाट केली होती. पुढे नऊवारी लुगड्यांतल्या बायका, डोक्यावर फुलांनी सजवलेले घडे, त्यांच्या आगेमागे नाचणारी मंडळी, आणि बँड. हातगाडीवरचे स्पीकर, ढोल, ट्रम्पेट, सगळे त्या सणाच्या दिवशी होते तसेच, किंबहुना जास्त. माझ्या छातीत ढोल वाजत होता. दुसऱ्या रांगेत जागा रिकामी नव्हती. तिथे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले इनास सर होते, क्लॅरिनेट ओठांना लावलेले.

मला वाईट वाटले, हे मान्य करतो. इतक्या मेहनतीने परत आणलेली गोष्ट ते एका संध्याकाळी रस्त्यावर सांडून टाकणार, असे वाटले. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्या बरोबरीने चालू लागलो. जवळ गेल्यावर त्यांच्या कानांतले पिवळे बोळे दिसले. मानेच्या शिरा ताणलेल्या नव्हत्या. बोटे मात्र झरझर चालत होती. चाल बदलली की बदलत होती, ट्रम्पेटने विसावा घेतला की तीही थबकत होती. विहिरीपाशी बँड थांबला. बायकांनी घडे खाली उतरवले, आणि इनास सरांनी क्लॅरिनेट ओठांपासून दूर केले. मी माउथपीसकडे पाहिले. त्यावर रीड नव्हती. जिथे ती बांधायची, तिथे नुसती मोकळी खाच होती. रीडशिवाय क्लॅरिनेट वाजत नाही. घरापासून विहिरीपर्यंत त्यातून एकही सूर निघालेला नव्हता.

त्यांनी माझी नजर पाहिली आणि माउथपीसवर हलकेच तळहात ठेवला.

तेवढ्यात बस्त्याव आला. तो घामाने निथळत होता, डोळे भरून आले होते, ट्रम्पेट त्याने काखेत मारले होते. त्याने इनास सरांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, त्या सगळ्या गलक्यात ऐकू जावे म्हणून ओरडून म्हणाला, "इनास! आज तुजा आवाज सगल्यांवरून येत व्हता!"

इनास सरांनी कानातला एक बोळा काढला आणि त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. त्याने पुन्हा म्हटले. मग त्यांनी मोकळा हात बस्त्यावच्या खांद्यावर ठेवला.

"तुजे पोरीचं लगीन हाय," ते म्हणाले.

घडे भरले. ढोलाने पहिला ठोका दिला. इनास सरांनी बोळा परत कानात घातला, शर्ट सारखा केला आणि दुसऱ्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.